वाढपी नसलेली पंगत

महाड-पोलादपूर पट्ट्यात घरच्या कार्यातून पंगत हळूहळू उठली. लग्नाच्या मांडवात, सप्ताहाच्या महाप्रसादाला ती अजून बसते. पण बारसं, साठी, वास्तुशांत, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांचं एकत्र जेवण किंवा दिवाळीतली फराळाची संध्याकाळ म्हटली की आता घरोघर बुफे. कारणं सरळ आहेत. तीस-चाळीस माणसं, फ्लॅटच्या दोन खोल्या नाहीतर गावच्या घराची ओटी, मांडी न घालता येणारी वडीलधारी मंडळी; आणि वाढायला पोरं नाहीत, कारण ती ठाण्या-पनवेलला नोकरीत. मग टेबल भिंतीला टेकवायचं, त्यावर चादर, चादरीवर पातेली, मध्ये प्लॅस्टिकच्या गुलाबांची कुंडी. सजावट झाली असं समजायचं आणि भाताच्या पातेल्यापाशी कोंडी झाली की पाहुण्यांनाच हसून म्हणायचं, ‘घ्या हो, आपलंच घर आहे.’

माझ्या मते बुफेत खरी उणीव पडते ती वाढप्याची. चांगला वाढपी किती कामं करायचा ते आठवा. काय आलंय ते तो मोठ्यानं सांगायचा. कशामागून काय घ्यायचं ते त्याच्या फेऱ्यांवरूनच कळायचं. भात वाफाळता असतानाच पानात पडायचा, बुजऱ्या माणसाला आग्रह व्हायचा आणि माळकऱ्याच्या पानावरून मटणाची बादली न बोलता पुढे जायची. बुफेत ही सगळी कामं टेबलाला करावी लागतात. जी सजावट यातलं एखादं काम करते ती ठेवावी. बाकीची खुशाल काढून टाकावी.

पंगतीच्या आठवणीनं फार हळवं होण्याआधी मात्र महाडकरांनी आपल्याच गावाचा इतिहास चाळावा. कोणी कोणाशेजारी बसायचं, कोणाला आधी वाढायचं, कोणाला अंगणाच्या कडेला बसवायचं, हे सगळं पंगतच ठरवत असे. पाण्याचंही तेच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला, महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. तरी ते पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर जावं लागलं. त्या वेळी महाडात भरलेल्या त्यांच्या परिषदेसाठी पिण्याचं पाणी चाळीस रुपये मोजून विकत घेतलेलं होतं. नंतर ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी अफवा उठली आणि परिषदेच्या मांडवावर हल्ला झाला. तेव्हा काही मंडळी जेवत होती. त्यांचं अन्न मातीत मिळवलं गेलं. तळ्याचा खटला पुढे १९३७ पर्यंत चालला. अशा गावात सगळ्यांनी एकाच पातेल्यातून, एकाच डावानं वाढून घेणं ही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच पाहुण्यांना काचेची ताटं आणि हाताखालच्या माणसांना कागदी, असा प्रकार ज्या घरात दिसतो तिथलं टेबल फुलांनी कितीही मढवलेलं असो, ते फसलेलंच.

बुफे ज्या ज्या देशात गेला तिथे त्यानं तिथली अडचण सोडवली. तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलनं १९५८ साली स्वीडनच्या स्मॉर्गसबोर्ड या बुफेवरून असं दालन काढलं आणि त्याला ‘वायकिंग’ नाव दिलं. जपानी माणूस आजही बुफेला ‘बायकिंगु’ म्हणतो. अमेरिकेत जॉनी गार्नो या हॉटेलवाल्यानं १९५९ मध्ये अन्नावरच्या काचेच्या आडोशाचं पेटंट घेतलं, म्हणजे वाकून पाहणाऱ्याची शिंक रश्श्यात पडू नये. आपली अडचण तिसरीच. आपण हातानं जेवतो. एका हातात ताट, दुसरा हात खरकटा. मग तांदळाची भाकरी मोडायची कशी आणि पुन्हा वाढून घेताना डाव धरायचा कुठल्या हातानं? यावर उपाय जुनाच आहे. वाढून घ्यावं उभ्यानं, जेवावं बसून. टेबल माजघरात, सतरंज्या आणि खुर्च्या ओटीवर. भाकऱ्यांचे आधीच चार-चार तुकडे करून टोपलीत ठेवावेत. दुसऱ्या वाढपाला मात्र टेबलापाशी घरचं एक माणूस उभं असावं. वाढपी अगदीच हद्दपार करू नये.

आता मांडणी. पहिली गोष्ट, टेबल भिंतीपासून ओढून मध्ये घ्या. दोन्ही बाजूंनी माणसं चालली की रांग निम्मी होते. टेबल नसेल तर दोन बाकांवर फळी टाका, पण ती हलत नाही ना हे आधी पाहा. क्रम आपल्या पानाचाच धरावा, फक्त थोडा बदलून. पानात डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि मध्ये भात असतो. टेबलावर सुरुवातीला ताटं, मग भाकरी-वडे, मग बिरडं, उसळ, भाजी, शेवटी डावीकडचा सारा लवाजमा. भात या ओळीत नकोच. आपल्याकडे भातासाठी माणूस दुसऱ्यांदा उठतो आणि पहिल्यांदा वाढून घेणाऱ्यांत घुसतो. कोंडी होते ती इथेच. भात, वरण, तूप आणि सोलकढी यांना वेगळा कोपरा दिला की निम्मं भांडण मिटतं. पाणी आणि हात धुण्याची सोय त्याहून लांब.

उंच-सखलपणाशिवाय टेबल सपाट दिसतं, हे खरं. त्यासाठी दुकानातले स्टँड लागत नाहीत. घरात पाट आहेत, चौरंग आहे, हारा आहे. पाट उलटसुलट रचून त्यावर जुन्या इरकलीची किंवा खणाची घडी टाकावी. मागची रांग उंच, पुढची सखल. उंचावर कोरडं आणि हलकं ठेवायचं : पापड, अळूवडी, फळं, चकल्यांची परडी. रश्श्याचं गरम पातेलं कधीही उंचावर नको. पोरं कापड ओढतात. हळदीचा डाग इरकलीवरून निघत नाही, म्हणून वाढण्याच्या बाजूला कापडावर केळीचं पान आडवं अंथरावं. पान पुसून, मागचा जाड दांडा तासून, विस्तवावरून हलकेच फिरवलं की मऊ पडतं आणि चिरत नाही. पान दुपारी अंथरून संध्याकाळी पाहुणे बोलावले तर कडा गुंडाळलेल्या दिसणार; ते शेवटच्या तासात अंथरायचं काम आहे.

या मुलखाचं भांडवल म्हणजे बांबू आणि रान. सूप, रोवळी, टोपली, परडी ही बुरडाच्या हातची भांडी भाकरी-घावनांना उत्तम, कारण वाफ निघून जाते आणि बूड ओलं होत नाही. मागे भिंत ओकीबोकी वाटली तर कारवीच्या काठ्यांचा कूड टेकवावा. एकेकाळी घराच्या भिंतीच याच्या होत्या. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण तर हवेतच. राज्यानं मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तू देशभर बंद झाल्या, तरी कपाटातून ती चंदेरी ताटं अजून निघतात. त्यांनी टेबलाची सारी कळा जाते, असं मला वाटतं.

फुलांच्या बाबतीत मात्र हौस आवरावी. गणपतीच्या दिवसांत बांधावर कळलावी फुलते, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी. ती गौरीला वाहतात आणि कुणालाही वाटावं, दोन फुलं कोशिंबिरीच्या भांड्याशी खोचावीत. तसं करू नये. कळलावीत कोल्चिसिन हे जहाल विष असतं. कण्हेर, रुई, धोतरा यांनाही अन्नाजवळ जागा नाही. झेंडू, शेवंती, जास्वंद चालतील, पण भांड्यांच्या मध्ये नव्हेत, टेबलाच्या दोन टोकांना. निशिगंध आणि उदबत्ती दोन्ही दाराशी ठेवा. त्यांच्या वासापुढे ओल्या खोबऱ्याचा आणि तुपाचा वास हरतो. रांगोळी टेबलावर नकोच, ती दगडाची पूड आहे, पंख्याच्या वाऱ्यानं उडते. जमिनीवर, येण्याच्या वाटेवर काढा. रांग कुठून सुरू होते हेही त्यातून कळेल. टेबलावरच हवी तर तांदळाच्या पिठाची.

पितळेचं आणि तांब्याचं आकर्षण सध्या फार. दिसायला ती देखणीच, पण कल्हई नसेल तर त्यात सोलकढी, कोकमाचं सार, ताक, लिंबू पिळलेली कोशिंबीर यांतलं काही घालू नये. आंबटानं धातू अन्नात उतरतो. सोलकढीला मातीचा माठ किंवा काचेचं भांडं. तिचा गुलाबी रंग काचेतच खुलतो, निराळी सजावट लागत नाही. बिनकल्हईच्या पितळेत पाणी भरून फुलं तरंगत ठेवावीत, तिथे ते शोभून दिसतं.

वाढपी मोठ्यानं जे सांगायचा ते आता कागदाच्या चिठ्ठीनं सांगायचं. पोलादपूरकडे वारकरी परंपरा जुनी, घरोघरी एखादा तरी माळकरी. त्यामुळे सामिष-निरामिष दोन टोकांना एवढ्यानं भागत नाही. टेबलंच दोन हवीत आणि डावही वेगळे. चिठ्ठीवर पदार्थाच्या नावाबरोबर ‘कांदा-लसूण नाही’, ‘सुकट घातली आहे’, ‘शेंगदाणे आहेत’ हे लिहावं, ठसठशीत अक्षरात. सुंदर वळणाच्या अक्षरात लिहिलेली आणि आजोबांना न वाचता येणारी चिठ्ठी लावून उपयोग काय? आधी निरामिष टेबल दिसावं, मग दुसरं, म्हणजे कुणाला विचारत फिरावं लागत नाही.

थंडीत हे सगळं बाजूला ठेवून एकच पदार्थ टेबलाचा कारभार हाती घेऊ शकतो : पोपटी. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला. मडकं पालथं घालून भोवती जाळ. शेतात शिजवलेलं ते मडकं तसंच उचलून आणावं आणि पाहुण्यांसमोर सुपात रितं करावं. वाफ, धूर आणि पाल्याचा उग्र वास एकदम पसरतो. त्याच्या बाजूला फुलदाणी ठेवण्याची कुणाची प्राज्ञा नाही. टेबलावर एवढंच लागतं : सूप, शेंगांची टरफलं टाकायला टोपली आणि कोळसा लागणार म्हणून जुनं कापड.

राहता राहिला गरमपणा. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा, की गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवावं आणि शिजलेलं अन्न घरातल्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. महाडच्या मे महिन्यात तर त्याच्या निम्माच वेळ धरावा. केटररच्या चकचकीत भांड्यांत खाली पाणी आणि ज्योत असते. घरी मोठ्या पातेल्यात कढत पाणी घालून त्यात लहान पातेलं बसवलं की तेच काम होतं, फक्त पाणी अर्ध्या-पाऊण तासानं बदलायचं. आणि सगळंच्या सगळं टेबलावर मांडायचं नाही. लहान भांड्यात थोडं काढावं, संपलं की रिकामं भांडं उचलून दुसरं भरलेलं आणावं. उरलेल्यात ताजं ओतू नये. भांडं छोटं असलं की ते भरलेलं दिसतं, शेवटच्या पाहुण्यालाही उष्टंमाष्टं मिळाल्यासारखं वाटत नाही, आणि स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं आचेवर कढतं, कुणाचाही डाव न लागलेलं राहतं. शेजारी द्यायचे, वाडीत पाठवायचे, मुंबईच्या गाडीत ठेवायचे डबे त्यातूनच भरायचे.