झाडांचे साक्षीदार

‘हॉर्टस मलबारिकस’चं नाव वनस्पतिशास्त्र शिकताना कानावर पडतं आणि परीक्षेनंतर विरून जातं. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे, ॲमस्टरडॅम, १६७८ ते १६९३, बारा खंड, सातशेहून अधिक वनस्पती. एवढी उजळणी पुरे. मला कित्येक वर्षं ओढ आहे ती पहिल्या खंडातल्या एका पानाची. लॅटिनच्या गर्दीत अचानक आपली नागरी अक्षरं! रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन कोकणी वैद्यांचा ग्रंथातल्या माहितीविषयीचा तो दाखला. चित्रांवरही रोमन, मल्याळी आणि अरबी लिपींच्या शेजारी झाडांची नावं नागरीत कोरलेली आहेत.

हे पाहून आपला ऊर भरून येतो, आणि ग्रंथातलं ज्ञान कोणाचं हा वाद पेटतो तोही इथेच. त्याच खंडात इट्टी अच्युतन याचाही दाखला आहे, एप्रिल १६७५चा. चेर्तलाजवळचा हा पिढीजात वैद्य ईळवा समाजातला, म्हणजे माडावर चढून माडी काढणाऱ्यांपैकी. घराण्याच्या पोथीतली माहिती त्याने सांगितली, डच कंपनीचा दुभाषी इमॅन्युएल कार्नेरो याने ती पोर्तुगीजमध्ये उतरवली, तिथून ती लॅटिनमध्ये गेली. ग्रंथ उघडतो तोही माडापासूनच. ग्रंथाचा कणा ईळवांचं ज्ञान आहे, असं इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी १९९५मध्ये मांडलं. मला ते पटतं. नागरी अक्षरांच्या मोहापायी ते नाकारू नये.

पण भटांचा दाखला नीट वाचला की तिसराच पक्ष दिसू लागतो. त्यांनी माणसं धाडली, त्या माणसांनी ज्या त्या ऋतूत पानं, फुलं, फळं आणली, मग वैद्यांनी ती निघंटूशी, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशाशी, ताडून पाहिली. झाड फुलतं एकदा, फळतं एकदा. म्हणजे त्याच झाडापाशी पुन्हा पुन्हा जाणं आलं. कुठल्या उतारावर काय केव्हा सापडेल हे ज्यांना ठाऊक होतं, त्या माणसांची नावं मात्र दाखल्यात नाहीत.

ती माणसं गाळली की काय बिघडतं, हे कुड्याच्या झाडाने दाखवलं. ग्रंथात तो ‘कोडगपाला’ म्हणून येतो. त्याची साल आवेवर देतात. १७५३मध्ये लिनिअसने मलबारचा हा कुडा आणि सिलोनचं त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं झाड एकाच नावाखाली घातलं. पुढे युरोपच्या बाजारात कुड्याच्या सालीत काळा कुडा या वेगळ्या झाडाची साल मिसळली गेली, गुण येईना, आणि चांगलं औषध बदनाम झालं.

रानात वावरणारा इथे सहसा फसत नाही. त्याने कुडा आणि काळा कुडा या दोन झाडांच्या बियांना नावंच तशी ठेवली आहेत: एक कडू इंद्रजव, दुसरा गोडा इंद्रजव. जिभेवर ठेवलं की निकाल. ॲमस्टरडॅमच्या सुंदर कोरीव चित्रांत सगळं उमटलं, तेवढी चव उमटली नाही.