गूळचोराचा पुढचा जन्म

मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात चोरांच्या पुढच्या जन्मांची यादीच दिली आहे. रेशीम चोरलं तर तित्तिर, गाय चोरली तर घोरपड, आणि गूळ चोरला तर वाग्गुद. हा वाग्गुद म्हणजे आपलं वाघूळ. नावात वाघ दिसतो, पण त्या बिचाऱ्याचा इथे काही संबंध नाही. खरं सांगायचं तर ही शिक्षा मला जरा सौम्यच वाटते. रात्रभर उंबरं, जांभळं, चिकू खायचे आणि उजाडलं की वडावर स्वतःला उलटं टांगून झोपायचं! गूळ चोरताना कुणी का कचरावं?

त्या टांगून घेण्यातही गंमत आहे. आपण व्यायामाच्या बारला लोंबकळलो की दोन मिनिटांत हात भरून येतात. वाघळाचं उलट आहे. त्याच्या पायाच्या शिरा अशा बसवलेल्या असतात की अंगाच्या वजनानेच नख्या मिटतात. लटकायला कष्ट नाहीत, कष्ट पडतात ते सुटायला. म्हणूनच विजेच्या तारेला चिकटून मेलेलं वाघूळ वाळून गेलं तरी तिथेच लोंबत राहतं. आणि ज्याला आपण पंख म्हणतो तो मुळात हात आहे. अंगठा बाहेर, बाकीची चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली आणि मध्ये ताणलेली कातडी. सस्तन प्राण्यांत खरंखुरं उडणं एवढ्या एकाच कुळाला जमलं, आणि जमल्यावर त्याने भरपूर पसारा वाढवला. जगात वाघळांच्या चौदाशेहून जास्त जाती आहेत. सस्तन प्राण्यांची दर पाचवी जात वाघळाची!

आपल्या आसपास यांचे ढोबळमानाने दोन संसार दिसतात. एक फळखाऊंचा. वडा-पिंपळावर, चिंचेवर दिवसभर भांडत लटकलेली मोठी वाघळं, पंख पसरले की चार फूट भरतील अशी. दुसरा किडेखाऊंचा. कोकणात कौलाखाली, वाशांच्या सांदीत असतात त्या पाकोळ्या. (पाकोळी नावाचा पक्षीही आहे. दोघंही आकाशात किड्यांमागे गिरक्या घेतात म्हणून एक नाव वाटून घेतलं असावं.) शहरात त्या एसीच्या यंत्रामागे किंवा दुकानाच्या पाटीमागे राहतात. पाकोळीचं वजन पाच रुपयांच्या नाण्याहून कमी, आणि बोटभर फट तिला दरवाजासारखी. याशिवाय जुन्या वाड्यात, देवळात मोठ्या कानांचं एक वाघूळ असतं. त्याच्या बसायच्या जागेखाली सकाळी बेडकांचे पाय आणि उंदरांचे अवशेष सापडतात, आणि मग रक्तपिपासू भुतांच्या गोष्टी सुरू होतात. रक्तावर जगणारी वाघळं जगात फक्त तीन जातींची आहेत, आणि तिन्ही अमेरिका खंडांत. आपल्या माळ्यावर त्यांतलं एकही येणार नाही.

ही पाकोळी मिट्ट काळोखात खांबाला न आपटता कशी फिरते, या प्रश्नाने इटलीतल्या स्पलान्झानी नावाच्या शास्त्रज्ञाला १७९३ साली झपाटलं. त्याच्याकडचं घुबड पूर्ण अंधारात धडपडत होतं, वाघळं मात्र खुशाल उडत होती. त्यांचे डोळे गेले तरी फरक पडेना. मग जिनिव्हाच्या ज्युरिनने त्यांच्या कानांत बोळे घातले, तशी ती भिंतींवर आपटू लागली. वाघूळ कानाने बघतं, असा याचा सरळ अर्थ. पण त्या काळच्या विद्वानांनी तो हसण्यावारी नेला, कारण वाघळाचा आवाज तर कुणालाच ऐकू येत नव्हता. असा निकाल जवळजवळ दीडशे वर्षं धूळ खात पडला. १९३८ मध्ये डोनाल्ड ग्रिफिन नावाच्या विद्यार्थ्याने हार्वर्डमधल्या एका प्राध्यापकाच्या यंत्रापुढे वाघळांचा पिंजरा नेऊन ठेवला. माणसाच्या कानापलीकडचे आवाज पकडणारं ते यंत्र खडखडून उठलं. ती शांत वाटणारी वाघळं प्रत्यक्षात किंचाळत होती.

किंचाळणं हाच शब्द योग्य आहे. तो आवाज इतका मोठा असतो की वाघूळ स्वतःच बहिरं व्हायचं. म्हणून प्रत्येक हाकेच्या आधी क्षणभर कानातला एक चिमुकला स्नायू आखडतो, आणि प्रतिध्वनी ऐकायला लगेच सैल पडतो. भक्ष्य टप्प्यात आलं की हाका वाढत जातात, अगदी शेवटी सेकंदाला दोनशेच्या आसपास.  संध्याकाळी गच्चीवर चहा पीत आपण ‘काय शांत वेळ आहे’ म्हणतो, तेव्हा डोक्यावर हा गोंगाट चाललेला असतो.

एक पाकोळी तासाला हजार डास खाते, असं आपण मोबाइलवर वाचतो. हा आकडा बंद खोलीतल्या प्रयोगांतून वाढत वाढत आला आहे. उघड्या आकाशात ती डास खाते, पण पतंग, भुंगे, तुडतुडे, जे हाती लागेल ते खाते. डेंग्यूवर उपाय म्हणून वाघूळ पाळायला जाऊ नये. शेतकऱ्याच्या बाजूने मात्र त्याचं पारडं किती जड आहे, ते अमेरिकेत उलट्या बाजूने कळलं. तिथे २००६ पासून एका बुरशीने गुहांतली लाखो वाघळं मारली. ज्या जिल्ह्यांत ती मेली तिथल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला, आणि त्याच जिल्ह्यांत अर्भकमृत्यू जवळपास आठ टक्क्यांनी वाढले, असं २०२४ मध्ये एका अर्थतज्ज्ञाने आकडेवारीने दाखवलं. वाघूळ गेलं, फवारा आला, आणि त्याची किंमत पाळण्यातल्या बाळांनी मोजली.

फळखाऊंची नोकरी वेगळी. ते फळ चावून रस गिळतात आणि चोथा थुंकतात. उंबराच्या, वडाच्या बारीक बिया मात्र पोटात जातात आणि उडता उडता कुठेही पडतात. दशमूळ काढ्यातल्या टेटूची मोठी, उग्र वासाची फुलं तर रात्रीच उमलतात आणि पहाटेपर्यंत गळूनही पडतात. एवढ्या अडनिड्या वेळी येणाऱ्या गिऱ्हाइकासाठीच तो थाट असतो. तरीही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळखाऊ वाघळांना कावळ्या-उंदरांच्या पंगतीला ‘उपद्रवी’ म्हणून बसवलं. १९४८ मध्ये तमिळनाडूच्या डोंगरात मिळालेल्या एका फळखाऊ वाघळाला त्याच १९७२ साली पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं नाव मिळालं. ते वाघूळ पुढे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत गेलं, त्याचे भाऊबंद मात्र उपद्रवीच राहिले. ती उपद्रवींची यादी गेली थेट २०२२ च्या दुरुस्तीत.

आता घरातलं. माळ्यावर पाकोळ्या असतील तर पहिला त्रास लेंड्यांचा आणि वासाचा. लेंडी बागेला उत्तम खत आहे, पण वर्षानुवर्षं साठून वाळलेल्या थरात एक बुरशी वाढू शकते. तिची धूळ छातीत गेली तर फुफ्फुसाचा आजार होतो. म्हणून कोरडा केर काढायचा नाही. तोंडाला मास्क लावून, आधी पाणी शिंपडून, मग भरायचं. दुसरी चूक म्हणजे भर दिवसा फट लिंपून टाकणं. आत पिल्लं असली तर ती तिथेच मरतात आणि आठवडाभर घर वासाने भरून जातं. पिल्लं उडती झाली की फटीवर खालून मोकळी जाळी पडद्यासारखी सोडावी. रात्री पाकोळ्या सरपटत खालून बाहेर पडतात, परत शिरायची वाट त्यांना सापडत नाही. चार-सहा रात्रींनी फट बुजवावी.

पाकोळी खोलीत शिरली तर सगळ्यात आधी पंखा बंद करा. मग आतलं दार लावा, खिडक्या उघडा, दिवे मालवा. बहुतेक वेळा ती आपली आपण जाते. केरसुणी फिरवली तर चावायची, आणि उघड्या हाताने पकडू तर कधीच नये. चावा किंवा ओरखडा कितीही बारीक असो, साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. रेबीज फक्त कुत्र्याचाच, हा समज महागात पडू शकतो.

आणि मग निपाह विषाणू. २०१८ मध्ये केरळात कोझिकोडजवळ साथ आली तेव्हा पहिल्या रुग्णाच्या घरच्या विहिरीत वाघळं सापडली आणि सगळं बोट त्यांच्याकडे गेलं. तपासणीत ती निर्दोष निघाली. ती किडेखाऊ होती. विषाणू सापडला तो मोठ्या फळखाऊंमध्ये. आपल्याकडेही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही) मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वाघळांची तपासणी केली, आणि काहींच्या अंगात निपाहच्या खुणा मिळाल्या.

एवढे विषाणू बाळगून ती स्वतः ठणठणीत कशी? उत्तर बहुधा उडण्यातच आहे. उडताना त्यांचं शरीर प्रचंड वेगाने ऊर्जा जाळतं, ताप भरल्यासारखं तापतं आणि पेशींची मोडतोड होते. प्रत्येक मोडतोडीला आपल्यासारखी आग पाखडणारी प्रतिकारशक्ती असती, तर रोज रात्री ती आजारीच पडली असती. म्हणून त्यांनी धोक्याची घंटा मंद करून ठेवली आहे. विषाणू आत राहतो, दंगा होत नाही. दंगा होतो तो तो आपल्या अंगात आल्यावर.

मग वाघळांचं झाडच तोडावं? ऑस्ट्रेलियात याचं उत्तर मिळालं. तिथे निपाहचाच भाऊबंद असलेला विषाणू वाघळांकडून घोड्यांना होतो. पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की जंगल तुटल्याने वाघळं गावात, घोड्यांच्या कुरणांत आली. ज्या हिवाळ्यात जंगलात भरपूर फुलं आली त्यात वाघळं तिकडेच गेली, आणि त्या काळात घोड्यांत एकही लागण झाली नाही. उपाशी वाघूळ जास्त विषाणू टाकतं, पोट भरलेलं कमी.

बांगलादेशाची गोष्ट तर आपल्या गूळचोराचीच आहे. तिथे हिवाळ्यात खजुरीचं खोड तासून रात्रभर मडक्यात रस धरतात आणि पहाटे तो कच्चाच पितात. वाघळं रात्री येऊन ते तासलेलं खोड चाटतात, मडक्यात मुततात. रात्रीच्या कॅमेऱ्यांनी हे टिपलं आहे. निपाहचे कित्येक रुग्ण त्या पहाटेच्या पेल्यातून आले. तोच रस कढईत आटवून गूळ केला की विषाणू मरतो. आणि ज्यांना कच्चाच प्यायचा आहे त्यांच्यासाठी रस काढणाऱ्या गाछी लोकांकडे बांबूच्या कामट्यांचं विणलेलं एक साधं झाकण असतं. ते तासलेल्या भागावरून मडक्याच्या तोंडापर्यंत घागऱ्यासारखं बांधतात. वाघूळ येतं, कामट्यांना बिलगून चाचपतं, जीभ पोचत नाही असं बघतं आणि पुढच्या झाडाकडे उडून जातं.