'मॅडव्हिलनी': फार न बोलता जमलेली जोडी

काल भाच्याने विचारलं, "मामा, हिप-हॉपमधल्या जोडीचा एकच अल्बम ऐकायचा तर कुठला?" मी लगेच सांगितलं: 'मॅडव्हिलनी', २००४. रॅपर एमएफ डूम आणि बीट करणारा मॅडलिब.

मॅडलिबने यातले बरेच बीट ब्राझीलमध्ये, साओ पाउलोतल्या हॉटेलच्या खोलीत केले. छोटा सॅम्पलर, पोर्टेबल टर्नटेबल, कॅसेट डेक आणि तिथेच विकत घेतलेल्या जुन्या रेकॉर्ड. बस्स!

लॉस एंजेलिसमध्ये दोघांचं काम एकाच घरात चाले, पण बोलणं मोजकंच. मॅडलिब बीटची सीडी देई, डूम त्यावर लिही. केवढा विश्वास!

मग अर्धवट अल्बम बाहेर फुटला. उत्साह गेला, काम थांबलं. पुढे परत बसले तेव्हा डूमने आपला रॅप नव्याने रेकॉर्ड केला, खालच्या, संथ आवाजात. माझ्या मते अल्बमचा जीव इथेच आहे. बीट खरखरीत, अडखळणारे. आवाज मात्र निवांत, आणि ओळीच्या पोटातही यमकांवर यमकं.

२२ ट्रॅक, सुमारे ४६ मिनिटं, ध्रुवपद जवळपास नाहीच. रंग चढतो तोच गाणं संपतं.

सुरुवात 'अकॉर्डियन' या गाण्यापासून करा, हेडफोन लावून.