स्वस्त स्मार्ट टीव्हीचा मालक कोण?



तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत टीव्ही कुठून आला, असं काहींना वाटेल. पण ज्या वस्तूसमोर घरातली माणसं रोज तासन्‌तास बसतात, तिच्याविषयी तत्त्वज्ञानानं गप्प राहावं, हे काही बरं नव्हे. आज आपण एकच प्रश्न घेणार आहोत. दहा-पंधरा हजार रुपये मोजून जो स्मार्ट टीव्ही आपण घरी आणतो, तो नेमका कोणाचा असतो? पावतीवर नाव आपलं असतं, हे खरं. पण पावती म्हणजे मालकी का, हे पाहायला हवं. आणि शेवटी, असा संच घ्यायचा झाला तर काय बघून घ्यावा आणि घरी कसा वागवावा, हेही सांगू. नुसतं तत्त्व सांगून श्रोत्यांना घरी पाठवणं आम्हाला पटत नाही.

थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तेव्हाचा संच म्हणजे हवेतून आलेला संदेश पकडणारी एक पेटी. त्या काळी रेडिओलासुद्धा परवाना लागायचा. पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत. पण हा परवाना डोळ्यांना दिसायचा, त्याची किंमत ठाऊक असायची. आणि आपण घरात काय पाहतो-ऐकतो, हे पेटी बनवणाऱ्याला कळायची सोयच नव्हती. वाहतूक एकाच दिशेची होती.

स्मार्ट टीव्ही ही वेगळी जातकुळी आहे. तो म्हणजे एक पडदा आणि त्याच्या पाठीमागे बसवलेला एक छोटा संगणक. पडदा सात-आठ वर्षं सहज चालतो. संगणक मात्र लवकर म्हातारा होतो. स्वस्त संचात बहुधा १ जीबी रॅम आणि ८ जीबी साठवण असते. त्यातली बरीच जागा मूळ प्रणालीच खाऊन टाकते. अ‍ॅप दर वर्षी जड होत जातात, संच आहे तिथंच राहतो. मग दोन-तीन वर्षांनी रिमोटचं बटण दाबलं की चहा होईपर्यंत वाट बघावी लागते. टीव्ही बिघडलेला नसतो, पण वापरवत नाही.

आता तो इतका स्वस्त का, ते पाहू. कारखाने मोठे झाले, पडदे स्वस्तात बनू लागले, हे एक कारण. दुसरं कारण कमी बोललं जातं. संच विकल्यानंतरही कंपनीला त्यातून पैसे मिळत राहतात. पहिल्या पडद्यावरच्या जाहिराती, रिमोटवर छापलेली अ‍ॅपची बटणं, आधीच भरून दिलेली अ‍ॅप, आणि आपण काय पाहतो याची नोंद, हे सगळं विकलं जातं.

व्हिझिओ नावाची अमेरिकी कंपनी स्वस्त टीव्हीसाठी प्रसिद्ध. २०२१च्या तिसऱ्या तिमाहीत तिला संच विकून सुमारे २.६ कोटी डॉलर ढोबळ नफा झाला, आणि जाहिराती-माहितीच्या विभागातून सुमारे ५.७ कोटी डॉलर. म्हणजे दुपटीहून जास्त. त्याआधी, २०१७ साली, याच कंपनीनं अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी आणि न्यू जर्सी राज्याशी २२ लाख डॉलर भरून तडजोड केली होती. आरोप असा होता की १ कोटी १० लाख संचांवर लोक क्षणाक्षणाला काय पाहतात, याची नोंद धड संमती न घेता होत होती. त्या सेटिंगचं नाव काय होतं? ‘स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी’. यावरून कुणाला कळणार की आपल्यावर नजर आहे! नावं अशी का ठेवतात, हा भाषेच्या तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. तो पुन्हा कधीतरी.

ही नोंद होते कशी? पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे छोटे नमुने घेऊन संच त्यांचा एक प्रकारचा ठसा तयार करतो आणि दूरच्या संगणकाकडे पाठवतो. तिथं तो ओळखीच्या कार्यक्रमांशी ताडून पाहिला जातो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दोन मोठ्या कंपन्यांचे संच तपासले होते. केबल जोडून टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरला, तरी ही ओळख चालू राहते, असं त्यात दिसलं. पण सेटिंगमध्ये जाऊन नकार दिला, की ती वाहतूक थांबली. हा दुसरा भाग लक्षात ठेवा. आपल्या हातात काहीच नाही, असं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मालकी म्हणजे काय? आपल्याकडे याला ‘स्वत्व’ म्हणतात आणि नैयायिकांनी यावर कसून वाद घातला आहे. एक जुनी व्याख्या अशी की, ज्या वस्तूचा आपल्याला हवा तसा विनियोग करता येतो, ती आपली. नवद्वीपचा रघुनाथ शिरोमणी ‘पदार्थतत्त्वनिरूपणा’त यावर हरकत घेतो. तो म्हणतो, अहो, दुसऱ्याचं अन्नसुद्धा खाता येतंच की! म्हणून ते आपलं होतं का? शास्त्र त्याला मना करतं म्हणाल, तर आधी ‘दुसऱ्याचं’ म्हणजे काय ते सांगा. म्हणून त्यानं स्वत्व हा एक स्वतंत्र पदार्थच मानला.

आपल्या टीव्हीच्या बाबतीत हा वाद उलट्या बाजूनं उभा राहतो, हे बघा. दुसऱ्याचं अन्न आपलं नसूनही खाता येतं. इथं वस्तू आपली असूनही हवी तशी वापरता येत नाही. पहिल्या पडद्यावरची जाहिरात काढता येत नाही. नको असलेलं एखादं अ‍ॅप पुसता येत नाही. रात्रीतून अपडेट येतं आणि सकाळी मांडणी बदललेली असते.

ऑक्सफर्डचे ए. एम. ऑनोरे यांनी १९६१ सालच्या एका निबंधात मालकीचे अकरा घटक सांगितले. त्यातले चार आपल्याला पुरे. वस्तू ताब्यात असणं, ती वापरणं, ती कशी वापरली जावी हे ठरवणं, आणि तिच्यातून येणारं उत्पन्न घेणं. ताबा आपला. वापर आपला, पण अटींवर. ठरवणं बरंचसं कंपनीचं. आणि उत्पन्न जवळजवळ सगळं तिचंच. वीज मात्र आपली, भिंत आपली, इंटरनेटचं बिल आपलं!

गंमत म्हणजे संच बनवणारासुद्धा पुरता मालक नसतो. अँड्रॉइड टीव्हीसंबंधी भारतीय स्पर्धा आयोगापुढे एक प्रकरण होतं. एप्रिल २०२५मध्ये गूगलनं त्यात २०.२४ कोटी रुपये भरून तडजोड केली आणि प्ले स्टोअरसाठी टीव्ही उत्पादकांना स्वतंत्र परवाना देण्याचं मान्य केलं. म्हणजे आपल्या भिंतीवरच्या पडद्यावर काय दिसावं, याचे करार आपल्याला न विचारता आधीच झालेले असतात.

कुणी म्हणेल, ‘मला मान्य आहे’ हे बटण तुम्हीच दाबलंत ना? इथं खरी गोम आहे. २०२३च्या आपल्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्यात संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, असं म्हटलं आहे. पण टीव्ही फोनसारखा एकट्याचा नसतो. बटण दाबतो मुलगा, समोर बसते आजी. नातवंडं बसतात, पाहुणे बसतात, कामाला येणाऱ्या मावशी दोन मिनिटं थांबून बघतात. यांच्यापैकी कोणी संमती दिली? मुलांचा माग काढून त्यांच्यावर जाहिराती रोखायला हाच कायदा मनाई करतो. पण समोर मूल बसलंय की म्हातारा, हे टीव्हीला कुठं कळतं? एकाच्या होकारात अख्खं घर मोजलं जातं. आम्हाला हे सर्वांत गंभीर वाटतं.

आणि आणखी एक. ज्याला महागडा संच परवडतो तो जाहिराती थोड्याफार टाळू शकतो; ज्याला परवडत नाही तो उरलेली किंमत आपल्या लक्षानं आणि खाजगीपणानं भरतो. एकांत ही श्रीमंतांची चैन होऊन बसली, तर ते न्यायाला धरून नाही.

याचा अर्थ टीव्ही घेऊच नये असा नव्हे. खेड्यातल्या मुलीला मोठ्या पडद्यावर गणिताचे धडे दिसतात. तुमच्यापैकी बरेच जण हे व्याख्यानही त्यावरच पाहत असतील. घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. तेव्हा आता व्यवहाराचं बोलू.

दुकानात संच भडक रंगांच्या मोडवर लावलेले असतात; साधा मोड लावून दाखवा म्हणावं. ३२ इंचांत बहुधा १३६६ गुणिले ७६८ ठिपके मिळतात, आणि दूरवरून बातम्या-मालिका बघायला ते पुरतात. ४३ इंचांच्या पुढे जायचं तर फोर-के बघावं. सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या संचांचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. पडद्याच्या आकारापेक्षा रॅमवर हजार रुपये जास्त घालवा. २ जीबी असेल तर संच दोन वर्षं जास्त सुखानं चालेल. एचडीएमआयची किमान दोन तोंडं हवीत. अपडेट किती वर्षं मिळणार आणि दुरुस्तीवाला तुमच्या गावात येतो का, हे विचारा. उत्तर टाळलं, तर ते उत्तरच समजा.

घरात जुना, धड पडद्याचा संच असेल तर तो फेकू नका. त्याला एखादी स्टिक जोडा. तीही जाहिराती दाखवते, पण म्हातारी झाली की दोन-चार हजारांत बदलता येते, पडदा राहतो. डीडी फ्री डिशला तर मासिक शुल्कही नाही.

संच लावताना घाई करू नका. गूगल टीव्ही असेल तर ‘बेसिक टीव्ही’ असा पर्याय सुरुवातीलाच मिळतो. त्यात खातं आणि इंटरनेट लागत नाही. इंटरनेट हवंच असेल तर नंतर ‘अ‍ॅप्स ओन्ली मोड’ लावता येतो, शिफारशींची गर्दी कमी होते. पाहण्याची नोंद बंद करायचं सेटिंग शोधा. सॅमसंगमध्ये त्याला ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ म्हणतात, एलजीत ‘लाइव्ह प्लस’. इतरांत नाव वेगळं असेल, बहुधा गोपनीयता किंवा जाहिरात या शीर्षकाखाली. अपडेटनंतर ते पुन्हा चालू झालं नाही ना, हे पाहा. न लागणारी अ‍ॅप काढा. संच कुणाला द्यायचा झाला तर आधी तो पूर्ण रिसेट करा. नाहीतर पडद्याबरोबर तुमचं खातंही जाईल.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘आम्ही साधी माणसं, मालिका आणि कीर्तनं पाहतो. आमची नोंद झाली तर बिघडलं काय?’ प्रश्न प्रामाणिक आहे. ताई, तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नसेलही. तरी शेजारी रोज तुमच्या खिडकीतून डोकावून वहीत टिपणं करू लागला, तर तुम्ही पडदा लावालच ना? चोरून काही करत असता म्हणून नव्हे. घर तुमचं आहे म्हणून. टीव्हीच्या बाबतीतही तेवढंच करायचं आहे. आज घरी गेल्यावर रिमोट घ्या, सेटिंग उघडा आणि एकदा सगळं वाचून काढा. कुठं अडलं तर पुढच्या वेळी विचारा.