एक गाव, दोन गाद्या, एक तह

लोहारदा, बागली, कन्नौद ही गावं आज ज्या देवास जिल्ह्यात मोडतात, त्याच्या मुख्य गावात १९४८पर्यंत दोन संस्थानं नांदत होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, राजवाडे दोन, दरबार दोन. गाव एकच आणि देवीची टेकडीही एकच. दोन राज्यांची भागीदारी कशावर टिकते आणि कुठे पांगळी होते, हे समजून घ्यायला मराठी माणसाला याहून जवळचा धडा नाही.

तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार हे दोघे भाऊ पहिल्या बाजीरावाच्या फौजेबरोबर माळव्यात उतरले. देवास, सारंगपूर, आलोट असा मुलूख त्यांच्या वाट्याला आला आणि दोघांच्या वंशजांनी तो वाटून घेतला. शेजारच्या धारला याच पवार कुळाची तिसरी गादी होती. पेशवाई बुडाली त्याच वर्षी, १२ डिसेंबर १८१८ रोजी, देवासच्या दोन्ही राजांनी ईस्ट इंडिया कंपनीशी मिळून एकच तह केला. दोघांचा कारभार एकाच मंत्र्यामार्फत चालावा, असं त्यात कलम होतं. महिनाभरात, जानेवारी १८१९मध्ये, धारनंही तह केला.

या तहांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: रक्षण कंपनी करील, पण परराज्यांशी बोलणीही तिच्याच हाती राहतील. वकिली आणि संरक्षण या गोष्टी जोडीनंच गेल्या. देवासनं कंपनीच्या मदतीला फौज द्यायची होती. पुढे फौजेऐवजी रोख रक्कम ठरली. म्हणजे आपलं रक्षण करणाऱ्याचा खर्चही आपणच उचलायचा!

अशा मैत्रीत बरोबरी किती असते, ते १८५७नं दाखवलं. धारच्या पदरच्या भाडोत्री शिपायांनी उठाव केला, इंग्रजांनी ऑक्टोबरात किल्ल्याला वेढा घालून तो घेतला आणि संस्थानच खालसा केलं. गादीवर तेव्हा अल्पवयीन आनंदराव होते. १८६०मध्ये राज्य परत मिळालं, पण बेरसिया परगणा गेला तो गेलाच. देवासच्या दोन्ही पाती इंग्रजांच्या बाजूनं राहिल्या आणि वाचल्या.

वकिली आणि संरक्षण यांच्या जोडीला तिसरा धागा शिक्षणाचा. इंदूरच्या डेली कॉलेजात माळव्यातले राजपुत्र इंग्रजी रीतीनं शिकू लागले. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव तिथेच शिकले. माल्कम डार्लिंग हा तरुण इंग्रज अधिकारी त्यांचा शिक्षक झाला आणि जन्मभराचा मित्रही. त्याच ओळखीतून कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासला आले. १९२१मध्ये ते महाराजांचे खासगी चिटणीस होते. देवासहून लिहिलेली त्यांची पत्रं पुढे १९५३मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. तहाच्या कागदातून जे उगवलं नाही, ते शिकवणीच्या खोलीतून उगवलं. शिक्षणातून जुळलेली माणसं एकमेकांना माणूस म्हणून ओळखतात, म्हणून मला हा धागा सगळ्यांत मोलाचा वाटतो.

तरी त्यालाही मर्यादा होती. संस्थानाचा खजिना रिता झाला, इंग्रज सरकारचा दबाव वाढला आणि तुकोजीराव देवास सोडून पाँडिचेरीत जाऊन राहिले. तिथे फ्रेंचांचा अंमल होता, इंग्रजांचा हुकूम चालत नव्हता. १९३७मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. डार्लिंग-फॉर्स्टर यांचा स्नेह खरा होता. पण राज्याचा निर्णय स्नेहाच्या हाती नव्हता.

आज दोन देश करार करतात तेव्हा संयुक्त सराव, शस्त्रखरेदी आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या एकाच दिवशी जाहीर होतात. वाचकानं तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारावेत. रक्षणाच्या बदल्यात आपला बोलण्याचा हक्क कुणाकडे गहाण पडतोय का? आणि शिकायला जाणाऱ्या मुलांसारखीच त्यांच्याकडची मुलं आपल्याकडे शिकायला येतात का? माळव्यात पवारांच्या राजपुत्रांनी इंग्रजांची विद्या घेतली, उलट दिशेनं मात्र कुणी विद्यार्थी म्हणून आला नाही. जिथे येणं-जाणं दोन्ही बाजूंनी आहे, तिथेच भागीदार हा शब्द शोभतो.