स्वित्झर्लंडची डोंगरकुरणे व त्यांची शिस्त

युरोपच्या मध्यभागी वसलेला स्वित्झर्लंड हा चिमुकला डोंगराळ देश आपल्याकडे बर्फाची शिखरे, घड्याळे आणि चित्रपटांतील गाणी यांमुळे परिचित झाला आहे. तेथे जाणारे बहुतेक प्रवासी ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोख हे रेल्वे स्थानक पाहतात, छायाचित्रे घेतात व परत फिरतात. शेतीशी संबंध असलेल्या माणसाने मात्र शिखरांकडे थोडे कमी व त्यांच्या खाली पसरलेल्या गवताकडे अधिक पाहावे. या देशातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा गवतावरून होतो.

देशाचे क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाहूनही कमी आहे. लोकसंख्या सुमारे ९० लाख. जर्मन, फ्रेंच, इटालियन व रोमान्श अशा चार भाषा तेथे चालतात. २६ कँटन, म्हणजे घटक राज्ये, असून त्यांचे आजचे संघराज्य १८४८ च्या घटनेने अस्तित्वात आले. समुद्रकिनारा नाही व खनिज संपत्तीही अल्प. आज श्रीमंत असलेला हा देश पूर्वी गरीब होता, हे प्रवाशाच्या सहसा ध्यानात येत नाही. १८१६ साली उन्हाळा असा झालाच नाही. पिके बुडाली व पुढील वर्षी पूर्व भागात लोक अन्नावाचून मेले. उपासमारीला कंटाळून निघालेल्या स्विस कुटुंबांनी १८१९ साली ब्राझीलमध्ये नोव्हा फ्रिबुर्गो ही वसाहत केली.

अशा मुलखात उंचीवर धान्य नीट पिकत नाही; पिकते ते गवत. म्हणून तेथील शेती गाईभोवती उभी राहिली. गाईचा वर्षाचा प्रवास पाहिला म्हणजे तेथील गावाची रचना समजते. हिवाळ्यात जमीन बर्फाखाली जाते व जनावरे कित्येक महिने गोठ्यात बांधून ठेवावी लागतात. वसंत ऋतूत ती मधल्या उंचीवरील चराईच्या जागी नेतात व जूनमध्ये अगदी वरच्या कुरणावर. या वरच्या कुरणालाच तेथे ‘आल्प’ म्हणतात. तेथे सुमारे शंभर दिवस चरून सप्टेंबरात जनावरे खाली परततात. जनावरे वर असताना माणसे खाली स्वस्थ बसलेली नसतात. त्याच दिवसांत गावालगतच्या शेतांतील गवत कापून, वाळवून हिवाळ्यासाठी माळ्यावर भरण्यात येते. वरचे कुरण नसते तर हेच गवत गुरांनी उभ्या उभ्या खाल्ले असते आणि हिवाळ्यात दावणीला काहीच उरले नसते.

खालची शेते खाजगी मालकीची आणि वरचे कुरण बहुधा सामायिक. सामायिक कुरणाचे काय होते ते आपणांस सांगावयास नको. ज्याला शक्य तो अधिक जनावरे सोडतो व चार वर्षांत गायरानावर खडक तेवढे दिसू लागतात. मग तेथील कुरणे पाचशे वर्षे कशी टिकली?

वालिस कँटनमधील ट्योर्बेल या सुमारे १,५०० मीटर उंचीवरील खेड्याचे दप्तर याचे उत्तर देते. १४८३ साली तेथील रहिवाशांनी कुरण, जंगल व पडीक जमीन यांच्या वापरासाठी एक लेखी करार करून मंडळ स्थापन केले. १५१७ च्या नियमात असे ठरले की, कोणीही स्वतः हिवाळ्यात पोसू शकेल त्याहून अधिक गाई उन्हाळ्यात वर पाठवू नयेत. एका ओळीचा हा नियम आहे. पण त्यामागील व्यवहारज्ञान पाहण्याजोगे आहे. कोणाच्या माळ्यावर किती वाळलेले गवत आहे हे लहान गावात लपत नाही. उन्हाळ्यापुरती स्वस्तात जनावरे विकत घ्यावयाची, सर्वांच्या कुरणावर पुष्ट करावयाची व थंडीपूर्वी विकून टाकावयाची, ही वाट या नियमाने बंद झाली. कुरण किती सोसेल याचे मोजमाप करण्यासाठी तज्ज्ञ बोलावण्याची गरज राहिली नाही. ज्याच्या त्याच्या गवतानेच जनावरांची संख्या ठरू लागली.

नियम मोडणाऱ्यास दंड असे. दंड करणारा गावानेच नेमलेला अधिकारी असे व दंडाची निम्मी रक्कम त्यालाच मिळे, त्यामुळे तो डोळेझाक करीत नसे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी या खेड्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचा आधार घेतला व सामायिक साधनसंपत्तीच्या व्यवस्थेवरील कार्याबद्दल त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ट्योर्बेलमध्ये बाहेरच्या माणसाने जमीन विकत घेतली तरी सामायिक कुरणावर व जंगलावर त्याला हक्क मिळत नसे. ज्याच्याकडे गवताचे शेत थोडे त्याच्या गाईही थोड्या. म्हणजे शिस्त होती, समता नव्हे. आपल्या गायरानाला हा नियम जसाच्या तसा लावता येईल असेही नाही. आपली टंचाई हिमवर्षावाची नसून वैशाखातील आहे व गायरानावर मुख्यतः भूमिहीनांची जनावरे चरतात.

पाण्याच्या बाबतीत वालिसचे आपल्याशी अधिक साम्य आहे. सभोवती हिमनद्या असूनही हे खोरे देशातील सर्वांत कोरड्या भागांपैकी आहे, कारण दोन्ही बाजूंच्या उंच रांगा पाऊस अडवितात. म्हणून तेथील लोकांनी हिमनद्यांचे पाणी कड्यांच्या पोटातून, कोठे खडक कोरून तर कोठे लाकडी पन्हळ टांगून, मैलोगणती गवताच्या शेतांवर आणले. या पाटांना फ्रेंच भागात ‘बिस’ व जर्मन भागात ‘सुओने’ म्हणतात. आयाँ गावाचा पाट १४४२ सालचा असून २०१९ मध्ये निघालेल्या १०० फ्रँकच्या नोटेवर त्याचे चित्र छापले आहे. कोणाची पाळी किती वेळ, हे पूर्वी लाकडी काठ्यांवर खुणा कोरून ठेवीत. धुळे जिल्ह्यातील फड पद्धतीचा पाटकरी ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

जंगलाविषयी एकच उदाहरण पुरे. आंडरमाट गावाच्या माथ्यावर झाडांचा एक पट्टा आहे. तो हिमलोट अडवितो म्हणून १३९७ सालच्या लेखाने तेथील वृक्षतोडीस बंदी करण्यात आली. इतरत्र अशी सावधगिरी नव्हती व डोंगर उघडे पडत गेले. १८६८ च्या महापुरानंतर डोळे उघडले आणि १८७६ साली देशपातळीवर जंगल कायदा झाला.

आजची स्थिती निराळी आहे. १९९६ साली जनमताने घटनेत शेतीविषयी नवे कलम घालण्यात आले व डोंगराची निगा राखल्याबद्दल शेतकऱ्यास सरकारकडून थेट रक्कम मिळते. कुरणाची क्षमता ठरवून दिलेली असते. ‘एक जनावर शंभर दिवस’ हे तेथील माप. त्याहून फार अधिक जनावरे नेल्यास रक्कम कापतात, आणि फार कमी नेल्यासही कापतात. कारण न चरलेल्या कुरणावर झुडपे व नंतर जंगल वाढते. गाईची शिंगे राखणाऱ्यास जादा अनुदान द्यावे काय, या प्रश्नावर २०१८ साली साऱ्या देशाने मतदान केले व सुमारे ५५ टक्के मतांनी ती सूचना फेटाळली. आपणांस हसू येईल. पण शेतकऱ्याचा प्रश्न मतपेटीपर्यंत जाण्याची ही रीत उपेक्षणीय नाही.

हवामानाचे संकट मात्र कोणत्याही नियमाला जुमानीत नाही. २८ मे २०२५ रोजी वालिसमधील ब्लाटेन हे गाव हिमनदी व दरड कोसळून बहुतांशी गाडले गेले. डोंगर सरकत असल्याचे ध्यानात आल्यामुळे सुमारे ३०० रहिवासी व त्यांची गुरे यांना काही दिवस आधीच हलविण्यात आले होते. तरी एका माणसाचा बळी गेलाच.

डोंगरकुरणे पाहण्यास जून ते सप्टेंबर हा काळ योग्य. पायवाटांवर पिवळ्या पाट्या असतात व डोंगरी वाटेवर पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा असतो. वाटेतील फाटक उघडल्यास पुन्हा लावावे. न कापलेल्या गवतात शिरू नये. ते उभे पीक आहे. वासरासोबत असलेल्या गाईपासून दूर राहावे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तेथे असाल तर थून सरोवराच्या वरच्या अंगास असलेल्या युस्टिस्टाल या दरीत जावे. उन्हाळाभर सर्वांच्या गाईंचे दूध एकत्र करून केलेले चीज तेथे त्या दिवशी कोठारातून बाहेर काढतात, गाड्यांवर रचतात आणि ज्याच्या गाईंनी जेवढे दूध दिले त्या मानाने ज्याचा त्याला वाटा देऊन टाकतात.