घरच्या राऊटरमधून कारखाना पाहताना

व्यापारी बांधवांपैकी अनेकांनी माग-कारखान्यात कॅमेरे बसविले आहेत. पण मालक खरेदीसाठी सुरतेला गेला, की मागे माग चालू आहेत की बंद, हे त्याला दिसत नाही. बाहेरगावी बसून डीव्हीआर पाहण्याची जुनी रीत म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग.

इंटरनेट जोडणीला बाहेरचा पत्ता एकच असतो. घरातील मोबाइल, संगणक, डीव्हीआर यांना राऊटर आतले पत्ते वाटतो. ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. बाहेरून आलेली मागणी यांपैकी कोणाकडे द्यावी हे राऊटरला ठाऊक नसते, म्हणून तो ती टाकून देतो. अमुक खुणेचा गठ्ठा अमुक खोलीत पोचवा, असे चाळीच्या पहारेकऱ्याला सांगून ठेवावे, तसे राऊटरला सांगावे लागते. ती खूण म्हणजे पोर्ट क्रमांक.

प्रथम डीव्हीआरचा आतला पत्ता कायम करून घ्यावा, नाहीतर वीज जाऊन आली की तो बदलू शकतो. मग राऊटरच्या पानावर (त्याचा पत्ता व पासवर्ड बहुधा राऊटरच्या तळाशी छापलेला असतो) ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या ठिकाणी डीव्हीआरचा पत्ता व पोर्ट भरावा. तपासणी घरच्या वायफायवर नव्हे, मोबाइलच्या डेटावर करावी.

मी हे सारे बिनचूक केले, तरी दोन संध्याकाळी चित्र दिसेना. दोष माझा नव्हताच! कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिला होता. राऊटरमध्ये दिसणारा वॅन पत्ता १०० किंवा १० ने सुरू होत असेल, तर हा संशय धरावा. अशा वेळी कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा (त्याचे बहुधा जादा पैसे पडतात) किंवा डीव्हीआर बनविणाऱ्याचे ॲप वापरावे. हल्ली बहुतेकांना ॲपच पुरते.

उघडलेला पोर्ट साऱ्या जगाला उघडा असतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्याचा मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटरसारखी संकेतस्थळे काही तास विस्कळीत केली. म्हणून पासवर्ड आधी बदलावा, पोर्ट नंतर उघडावा. आणि हिशेबाच्या संगणकासाठी ३३८९ हा पोर्ट मुनीमजींनी कितीही गळ घातली तरी उघडू नये. खंडणीखोर त्याच वाटेने शिरून वह्या कुलूपबंद करतात. मुनीमजींना घरून काम करायचेच असेल तर व्हीपीएन बसवून द्यावे.